बादशहाच्या कानाखालचा डाग

ऑनलाइन खरेदीत फसलेल्या माणसाबद्दल मला कधीही सहानुभूती वाटलेली नाही. विकणारा विकतोच, डोळे उघडे ठेवणं ही घेणाऱ्याची जबाबदारी आहे! हे वाक्य मी भिवंडीतल्या अनेक दुःखी माणसांना त्यांच्या दुःखाच्या ऐन भरात ऐकवलेलं आहे. साड्यांऐवजी पडदे आलेल्या मेहुण्याला ऐकवलं. मोबाइलऐवजी अंघोळीचा साबण आलेल्या शेजारच्या दौलतला ऐकवलं. दौलत तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. साबण मात्र संपला असावा.

तेव्हा मी ऑनलाइन चांदीचा जुना रुपया घ्यायचं ठरवलं, ती नुसती खरेदी नव्हती. तो समाजासाठी आदर्श पाठ होता!

रुपया १९०३ सालचा, सातव्या एडवर्ड बादशहाचा. नाण्यावर या बादशहाच्या डोक्याला मुकुट नाही आणि केसही बेताचेच, त्यामुळे तो आपल्यातलाच वाटतो. शिवाय रुपया 'ग्रेडेड' होता. म्हणजे तज्ज्ञांनी तपासून, सत्तरपैकी चौसष्ट गुण देऊन, पारदर्शक प्लास्टिकच्या डबीत कायमचा सीलबंद केलेला. डबीवर एक नंबर. तो त्या तज्ज्ञांच्या वेबसाइटवर टाकला की याच नाण्याचा फोटो दिसतो. डबी फोडली की गुण गेले. मला बी.कॉम.ला इतके गुण नव्हते, आणि मला कोणी सीलबंदही केलं नव्हतं.

"पैसे कुठले?" रीमानं, म्हणजे माझ्या बायकोनं विचारलं.

"फ्रिजचे."

आमचा फ्रिज असा आवाज करतो की नवीन माणसाला वाटतं, यांनी स्वयंपाकघरात कापड विणायचा लूम टाकलाय. त्याच्या जागी दुसरा घ्यायचा म्हणून रीमानं पैसे बाजूला ठेवले होते.

"आणि फसलात तर?"

"परत करायचा. सील शाबूत असेल तर पैसे परत. सगळ्या अटी वाचल्यात मी."

"मग सील सांभाळा. नाहीतर उन्हाळ्यात माठाचं पाणी प्यायचं."

निजामपुऱ्यातले माझे मित्र फखरुद्दीनभाई लूमचे मालक, आणि जन्मभर नाणी जमवत आलेले. त्यांनी ऐकून नुसती मान हलवली.

"हरेशभाऊ, डबी घेतोस की नाणं घेतोस? आधी नाणं बघ. नीट बघ. बाकी सब बाद में."

"फखरूभाई, तुमचा जमाना फरशीवर नाणं वाजवून बघायचा. आता नंबर असतो."

"नंबर तर रिक्षाला पण असतो!"

मी दुर्लक्ष केलं. जबाबदार ग्राहकाची तयारी असते. मी भिंग घेतलं, पांढरे हातमोजे घेतले, मोबाइलचं स्टँड घेतलं, वर एक दिवा घेतला. विक्रेत्याची अट होती की पार्सल उघडतानाचा व्हिडिओ अखंड हवा, मध्ये तुटला तर तक्रार बाद. मी घरच्यांची बैठक घेऊन बजावलं, "पार्सल फुटल्यापासून जे काही होईल ते कॅमेऱ्यासमोर झालं पाहिजे!"

पार्सल कोलकात्याहून निघालं आणि थेट इथं, भिवंडीजवळच्या दापोड्याला आलं. आमच्या भाड्यानं दिलेल्या गोदामाच्या भिंतीला भिंत लागून कुरिअरचं जे गोदाम आहे, तिथं. मी हात लांब केला असता तर मिळालं असतं. पण नियम म्हणजे नियम! तिथून ते नाशिकला गेलं, नाशिक बघून परत आलं, आणि ऐन धनत्रयोदशीला घरी पोहोचलं.

त्याच सकाळी ताईही पोहोचली होती. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. लग्न होऊन अकलोलीला गरम पाण्याच्या कुंडांजवळ दिली, तेव्हापासून तिचा स्वभावही त्याच तापमानाला असतो.

मध्येच फोन येऊन व्हिडिओ तुटू नये म्हणून मी मोबाइल फ्लाइट मोडवर टाकला. हातमोजे चढवले. खोका कापला. डबी कॅमेऱ्यासमोर धरून तिच्यावरचा नंबर शाळेतल्या हजेरीसारखा खणखणीत वाचला. आता भिंग काढणार, तोच आमच्या गोदामाचा वॉचमन मोरू धापा टाकत दारात!

"शेठ, फोन लागत न्हाय तुमचा! कंटेनर गेटात अडकलाय! पुढं बी जाईना, मागं बी येईना!"

"कॅमेरा बंद करू नका!" मी ओरडलो. "जे काही कराल ते कॅमेऱ्यासमोर!" आणि हातमोज्यांसकट मोरूच्या मागे बाइकवर बसलो. भिंग खिशातच राहिलं.

कंटेनर सोडवून परत आलो तर देवापुढे पाट मांडलेला. पाटावर ताट, ताटात झेंडू, धणे, गूळ, आणि मधोमध माझा रुपया. हळदकुंकू लावलेला आणि नव्या स्टीलच्या पेल्यासारखा चकचकीत! शेजारी प्लास्टिकचे तुकडे, अडकित्ता आणि चिंचेचा गोळा.

"ताई! हे काय?"

"काय म्हंजी? धनतेरस हाय! घरात बंदा रुपया आला आन् पूजेला न्हाय ठेवायचा?"

"अगं पण सील!"

"सुपारीपरीस कडक व्हतं मेलं. पर फोडलं शेवटी."

मी रीमाकडे बघितलं.

"मी म्हटलं त्यांना, थांबा," रीमा म्हणाली. "तर म्हणतात, लक्ष्मीला डबीत कोंडून कोणी पूजतं का? मग मी म्हटलं, निदान कॅमेऱ्यासमोर करा. तुम्हीच सांगितलं होतं ना?"

मी खाली बसलो. मला माठ दिसू लागला. पण जबाबदार ग्राहक खचत नाही! मी वेबसाइट उघडली, नंबर टाकला. फोटो आला. फोटोतल्या बादशहाच्या कानाखाली मसुराएवढा काळा डाग होता. ताटातल्या बादशहाचा गाल तान्ह्या बाळासारखा नितळ.

"खोटं!" मी उडीच मारली. "नाणं बदललंय! आपण फसलो!"

फसवणूक झाल्याचा इतका आनंद मला आयुष्यात झाला नव्हता. कारण दुसरी अट स्पष्ट होती: माल नकली निघाला तर सील फुटलेलं असलं तरी पैसे परत!

"अरं हरेश, तो डाग—"

"ताई, तू आता बोलू नकोस. हे कायद्याचं प्रकरण आहे."

मी विक्रेत्याला तक्रार लिहिली. तिच्यात 'विश्वासघात' हा शब्द दोनदा आणि 'न्यायालय' चारदा घातला. सोबत व्हिडिओ जोडला, संपूर्ण, अखंड. एक प्रत ग्राहक मंचाला पाठवली. मग फुरसतीनं सोसायटीच्या ग्रुपवर त्या दुकानाच्या नावानिशी 'सावधान!' असा मजकूर टाकला.

संध्याकाळी फखरुद्दीनभाई फराळाला आले. त्यांनी रुपया उलटासुलटा बघितला, कड बघितली, आणि फरशीवर हलकेच टाकला. टण्ण!

"आवाज तर कलदार आहे, भाऊ. चांदी खरी."

"आवाजावर जाऊ नका, फोटोवर जा."

"तू व्हिडिओ बघितलास?"

"फखरूभाई, तो पुरावा आहे. पुरावा बघायचा नसतो, सादर करायचा असतो!"

तेवढ्यात विक्रेत्याचं उत्तर आलं. मी ऐटीत मोठ्यानं वाचायला घेतलं.

"'सर, आपका वीडियो हमने पूरे परिवार के साथ देखा. दीदी को प्रणाम. इमली लगाने से पहले दीदी ने सिक्का कैमरे को दिखाया है. कृपया दाग़ देख लीजिए.'"

शेवटचं वाक्य मी मनातल्या मनात वाचलं असतं तर बरं झालं असतं. फखरुद्दीनभाईंनी चकली खाली ठेवली आणि माझ्या मोबाइलवर व्हिडिओ लावला.

त्यात अडकित्ता कडाडला. डबी फुटली. मग ताईनं रुपया दोन बोटांत धरून थेट कॅमेऱ्याच्या तोंडाशी नेला. बादशहाचा कान पडदाभर झाला, आणि कानाखाली तो डाग. पाठोपाठ ताईचा आवाज: "बग गं रीमा, केवढा डाग! या बाबानं जन्मात आंगूळ केली न्हाय वाटतं. थांब, चिंच लावते."

स्वयंपाकघरात फ्रिज खडखडत सुरू झाला.

"सांगत व्हते मी," ताई म्हणाली. "तू आयकतोस कुठं?"

"आता याचे गुण किती राहिले, फखरूभाई?" मी हळूच विचारलं.

"गुण गेले भाऊ. चांदी राहिली." त्यांनी चकली पुन्हा उचलली. "पण एक मानलं पाहिजे. व्हिडिओ अखंड आहे."

मी ग्राहक मंचाकडची तक्रार मागे घेतली, ग्रुपवरचा मजकूर काढून टाकला. त्या जागी माफी लिहिली, दुकानाच्या नावानिशी. दुसऱ्या दिवशी जिन्यात दौलत भेटला. किती तरी काळानं तो माझ्याशी आपण होऊन बोलला.

"हरेशभाऊ," तो म्हणाला, "डोळे उघडे ठेवणं ही घेणाऱ्याची जबाबदारी आहे."

माठ आणलाय. तोटीचा आहे, पाणी बऱ्यापैकी गार होतं. रुपया देवघरात असतो. ताई आली की घासते.

खरा आहे.