मानाचा आयपी पत्ता

कपाशीवर गुलाबी बोंडअळी पडल्याचे निदर्शनास आल्यावरून शासनाने दारव्ह्याजवळच्या एका गावात बारा घरी सल्लापेट्या बसवण्याचे ठरवले. पेटी भिंतीला लावायची, ग्रामपंचायतीतल्या राउटरला जोडायची, मग फवारणी कधी आणि कशाची करायची ते ती चक्क मराठीत सांगणार. अळीला याबाबत काहीच कळवलेले नसल्याने तिने आपले काम चालूच ठेवले.

विमलताईच्या शेतात आत अळी बसलेली मिटकी फुलं दिसू लागली होती. त्यामुळे पेट्या घेऊन इंद्रजित इंजिनियर गावात उतरला, तेव्हा पहिली पेटी तिनेच लावून घेतली.

"राउटर प्रत्येक पेटीला एक नंबर देतो. तो तिचा आयपी पत्ता," इंद्रजितने समजावले. "पत्ता नसला तर निरोप पोचत नाही."

विमलताईच्या पेटीला दोन नंबर मिळाला. पेटी खरखरली आणि म्हणाली, "नमस्कार. सल्ला उद्या सकाळी मिळेल." विमलताईला फार बरं वाटलं. सरकारी कोणी तिला आधी नमस्कार करण्याची ही पहिलीच वेळ होती.

दुपारी सरपंच वामनरावांच्या पेटीला नऊ नंबर मिळाला.

"विमलच्या घरी दोन अन् माह्या घरी नऊ? हे नंबर कोन वाटून राह्यलं?"

"राउटर आपोआप देतो, साहेब. डीएचसीपी म्हणतात त्याला. जो आधी जोडला, त्याला आधीचा."

"अन् एक?"

"तो राउटरचा स्वतःचा. तो गेटवे आहे ना, गावाबाहेर जायचं तर त्याच्यातूनच."

"म्हंजे वेस. तिचा मान तिले राहू द्या," वामनराव उदार झाले. "पन बाकीचं जमनार नाही."

पोळ्याला तोरणाखाली पहिली जोडी कोणाची, हे ज्या गावात बैलांनाही पाठ आहे, तिथे एक प्लास्टिकचं डबडं येईल त्याला नंबर देतं म्हणजे काय! तातडीने सभा भरली आणि ठराव झाला: 'डीएचसीपी ही पद्धत लहान-मोठा पाहत नसल्याने गावाच्या शांततेस बाधक आहे, सबब ती बंद करून पत्ते मानाप्रमाणे कायम करण्यात यावेत.' इंद्रजितने तसे करून दिले. काम पूर्ण झाल्याची सही त्याला वामनरावांचीच घ्यायची होती.

दोन नंबर वामनरावांना गेला. लगेच माजी सरपंच देवराव उठले.

"मलेबी दोनच पाह्यजे."

"एका नंबरवर दोन पेट्या लावल्या तर दोन्ही मुक्या होतील," इंद्रजित म्हणाला.

"होऊ द्या!" दोघे एका सुरात म्हणाले. कित्येक वर्षांनी त्यांचं एकमत झालं होतं.

देवरावांना मिळाला म्हणून त्यांच्या व्याह्यांनीही दोनच मागितला, मग व्याह्यांच्या भावकीने. सभा उठेस्तोवर अकरा पेट्यांवर दोन नंबर चढला होता आणि अकराही गप्प होत्या.

विमलताई उभी राहिली. "मले मान नको. मले सकायचा सल्ला पाह्यजे. माही पेटी बोलत होती."

"तुमाले तं सर्वांत मोठा नंबर देऊन राह्यलो, बाई. दोनशे पंचावन्न!" वामनराव म्हणाले. "आनखी काय पाह्यजे?"

इंद्रजित तिच्या कानाशी वाकला. "ताई, त्या नंबरवर कोणाचीच पेटी चालत नाही. तो सगळ्यांना एकदम हाक मारायला ठेवलेला असतो."

"मंग सांग नं त्याइले!"

इंद्रजितने सहीचा कागद खिशात घातला आणि दारव्ह्याची जीप गाठली.

पुढे वर अहवाल गेला: पेट्या बारा, पत्ते बारा, योजना शंभर टक्के यशस्वी. विमलताईने एक हिरवं बोंड चिरलं. आत अळी होती, गुलाबी आणि धष्टपुष्ट. पेटीने वेळेवर तोंड उघडलं असतं तर निम्मं शेत तरी वाचलं असतं. ती बांधावर बसून रडली.

खेड्यातल्या लोकांच्या या अडाणीपणावर आपण हसलात, ते रास्तच आहे. शिकल्यासवरल्या घरांत असं चालत नाही. तुमच्या वायफायला तुम्ही फक्त आपलं आडनाव दिलंय. आणि धुणंभांडी करणाऱ्या नंदाबाईने लेकीचा निकाल पाहण्यापुरता पासवर्ड मागितला, तेव्हा "नेट बंद आहे" असं किती गोड आवाजात सांगितलंत!