बर्फाचं यंत्र गोठू नये म्हणून

कुवेतमध्ये जुलैत अंघोळीला गार पाणी हवं असेल, तर ते आदल्या रात्री बादलीत काढून ठेवावं लागतं. नळातून येतं ते चहाचं आधण. अशा देशात एक मराठी गृहस्थ दर नोव्हेंबरला आपलं बर्फ करायचं यंत्र थंडीने गोठू नये म्हणून त्याच्या नळ्यांत गुलाबी औषध भरत असत. पुन्हा वाचा. बर्फाचं यंत्र. गोठू नये म्हणून.

गृहस्थांचं नाव टिपणीस. नाशिकचे. एका पेट्रोकेमिकल कारखान्यात इन्स्ट्रुमेंट इंजिनिअर. बायको सुनंदावहिनी आणि मुलगी मधुरा नाशिकला, हे स्वतः इकडे साल्मियात दोन खोल्यांत. मी दोन हजार एक साली पुण्याहून त्याच कारखान्यात ड्राफ्ट्समन म्हणून आलो. पुण्यात आमची संघटना होती, मी तिची पत्रकं लिहायचो. कुवेतमध्ये पत्रकं वाटायची सोय नाही, त्यामुळे सगळा संताप पोटात साठून राहायचा. टिपणीसांनी हे बरोबर हेरलं होतं. मी दिसलो की म्हणायचे, "या कार्यकर्ते! आज कुणावर अन्याय झालाय?"

यंत्र होतं त्यांच्या चाकांवरच्या बिऱ्हाडात. बिऱ्हाड म्हणजे त्यांची मोटर. एक्क्याण्णवची इराकशी लढाई संपल्यावर आलेला कोणी अमेरिकन कंत्राटदार जाताना ही गाडी टाकून गेला आणि टिपणीसांनी ती घेतली. बसएवढी लांब. आत पलंग, शेगडी, मोरी, संडास, आणि एक फ्रीज, ज्यात आपोआप बर्फ होतो. ही गाडी शहरातच, शुवैखमधल्या एका गॅरेजच्या मागच्या शेडमध्ये उभी असे. दर शुक्रवारी टिपणीस जाऊन ती एक लांबी पुढे आणि एक लांबी मागे घ्यायचे, कारण "टायर एका जागी बसता कामा नयेत." या हिशेबाने ती एव्हाना नाशिकला पोचायला हवी होती. पण सगळा प्रवास एकाच शेडमध्ये चाललेला.

गाडीबरोबर आलेलं अमेरिकन पुस्तक हा त्यांचा धर्मग्रंथ. कोणताही प्रश्न विचारा, चष्मा कपाळावर चढवून उलट विचारणार, "पुस्तकात काय म्हटलंय?" आणि पुस्तकात म्हटलं होतं, की थंडीआधी आइसमेकरचं पाणी काढा, औषध भरा, यंत्र बंद करा. ज्याने हे लिहिलं त्याच्या गावी कमरेएवढा बर्फ पडत असणार. इथे नोव्हेंबरात लोक पंखे बंद करून नुसता एसी लावतात, एवढाच ऋतुबदल.

पहिल्या वर्षी मला मदतनीस म्हणून नेलं तेव्हा मी सरळच म्हटलं, "काका, हे कुवेत आहे."

"ठाऊक आहे."

"इथे पाणी गोठत नाही."

"वाळवंटात जानेवारीत एखाद्या रात्री गोठतं."

"पण गाडी वाळवंटात नाही, शुवैखमध्ये आहे!"

"आज आहे," टिपणीस म्हणाले आणि पान्हा मागितला.

गॅरेजचे फोरमन पारकरभाई. श्रीवर्धनकडचे, पांढरी दाढी, तोंडात कायम बडीशेप. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "पोरा, ह्यांच्या नादाला लागू नको. ह्या मुलखात माणूस गोठत नाय, ह्यांचा नळ गोठायला बसलाय."

मग सोहळा. पाण्याचा कॉक बंद. फ्रीजमागची नळी सोडून पाणी बादलीत. पंपाची सोंड गुलाबी औषधाच्या कॅनमध्ये. टिपणीस बाहेर पंपापाशी आणि मी आत फ्रीजसमोर गुडघे टेकून, देवघरात बसल्यासारखा.

"आलं का?"

"नाही."

"आलं का?"

"नाही हो!"

"डोळे उघडे आहेत ना?"

"आलं! गुलाबी आलं!"

मग ते आत येणार, टॉर्च मारून खात्री करणार, साचा फडक्याने कोरडा करणार, आणि बर्फाची पातळी मोजणारी तारेची दांडी वर उचलून ठेवणार. दांडी वर म्हणजे यंत्र बंद. "झोप आता," हे शब्द ते यंत्राला उद्देशून म्हणायचे. माझ्याशी इतक्या मऊ आवाजात ते कधी बोलले नाहीत.

इथवर सगळं विनोदी आहे. आता अन्याय ऐका.

औषध भरण्याआधी बर्फाचा खण रिकामा करावा लागतो. उन्हाळाभर साठलेला बर्फ टिपणीसांनी घमेल्यात भरला, बाहेर नेला आणि गॅरेजच्या फरशीवर ओतला. तिथे गॅरेजचे चार कामगार बघत उभे होते. हे चौघे मे ते सप्टेंबर पत्र्याखाली वेल्डिंग करतात आणि प्यायचं पाणी छपरावरच्या टाकीतून घेतात. त्यांच्या कामाच्या जागेपासून हाकेच्या अंतरावर एक यंत्र रिकाम्या मोटरीत बसून बर्फ करत होतं. खण भरला की थांबत होतं. कोणी खात नव्हतं, कोणी पीत नव्हतं. आणि हिवाळ्यात, जेव्हा आमची मराठी मंडळी या गाडीतून वाळवंटात सहलीला जाऊ म्हणायची, तेव्हा यंत्र झोपलेलं. एकदा तर आम्ही पेट्रोल पंपावरून बर्फाच्या पिशव्या विकत आणल्या, या बर्फयंत्राच्या गाडीशेजारी उभं राहून त्या दुसऱ्यांच्या मोटारींत भरल्या आणि गाडी तिथेच सोडून गेलो.

दुसऱ्या उन्हाळ्यात मी लेखणी उचलली. मागणी एकच: गॅरेजमधल्या चार कामगारांना रोज बर्फ मिळालाच पाहिजे. निवेदनाची सुरुवात मला अजून पाठ आहे: 'एकीकडे पत्र्याखाली होरपळणारा श्रमिक, दुसरीकडे निर्जन वाहनांत साठणारे बर्फाचे डोंगर!'

टिपणीसांनी ते उभ्या उभ्या वाचलं आणि खिशातलं पेन काढलं. "'होरपळणारा' बरोबर आहे. 'वाहनांत' हे अनेकवचन चूक, वाहन एकच आहे. आणि डोंगर नव्हे. खणात साधारण दोन घमेली मावतात."

"मग ती दोन घमेली द्या ना त्यांना!"

"तो बर्फ राखीव आहे."

"कुणासाठी?"

"राखीव म्हणजे राखीव. लागेल तेव्हा लागेल."

"काका, माणसं भाजताहेत!"

"दिसतंय मला," असं म्हणून त्यांनी निवेदन घडी करून मला परत दिलं.

मी पारकरभाईंकडे गेलो. तुम्ही फोरमन, निदान पाण्याचा कूलर तरी मागा.

"मुदीरला, मॅनेजरला, सांगितलंय की," पारकरभाई म्हणाले. "इन्शाल्ला म्हणालान."

"कधी म्हणाला?"

"गेल्या उन्हाळ्यात."

शेवटी मी ज्यांच्यासाठी लढत होतो त्यांच्याकडे गेलो. सत्तार वेल्डर, म्हसळ्याचा. म्हटलं, सगळे मिळून टिपणीसांसमोर उभे राहू. सत्तारने हात जोडले. "नको रे बाबा त्या साहेबाचा बर्फ. उद्या दिलान, तर बर्फ कसा चघळायचा त्याचं पुस्तक पण वाचायला लावील." बाकीचे तिघे खदखदून हसले. कामगारांत जागृतीचा किती अभाव असतो, हे मी त्या दिवशी पाहिलं.

नोव्हेंबर आला. पुन्हा दोन घमेली बर्फ फरशीवर. पुन्हा गुलाबी. मी गेलो नाही. माझ्या जागी पारकरभाईंना फ्रीजसमोर बसवलं होतं, असं कळलं. त्यांनी औषध यायच्या आधीच "आलं, आलं" म्हटलं, म्हणून सगळं परत करावं लागलं.

तो हिवाळा नीट संपलाच नाही. शेजारी इराकमध्ये पुन्हा लढाई होणार, हे बाजारातल्या मासेवाल्यालाही ठाऊक होतं. विषारी वायूच्या भीतीने घराघरांत खिडक्यांना प्लास्टिक आणि चिकटपट्टी लागली. मराठी मंडळाच्या बैठकीत तिळगुळाऐवजी तिकिटांची चर्चा. ज्यांची बायकामुलं इथे होती त्यांनी ती भारतात धाडली. टिपणीसांची तर आधीच तिकडे होती. खरं म्हणजे त्यांना काळजीचं कारणच नव्हतं.

आणि फेब्रुवारीत टिपणीसांनी यंत्र उठवलं. नळ्यांतलं गुलाबी औषध धुऊन काढलं, पहिला थोडा बर्फ फेकला, दांडी खाली केली. मी मुद्दाम विचारलं, "पुस्तकात तर थंडी संपल्यावर म्हटलंय ना?"

"पुस्तकात लढाईचं प्रकरण नाही," टिपणीस म्हणाले.

गाडीला नवी बॅटरी आली. टाकी काठोकाठ. गाद्या, तांदूळ, पाण्याचे कॅन. एका शुक्रवारी त्यांनी शेडमध्ये सगळ्यांना उभं केलं आणि पळावं लागलं तर गाडीत कोणी कुठे बसायचं त्या जागा सांगितल्या. पारकरभाई पुढे, चार कामगार मागच्या पलंगावर, मी मोरीजवळ.

"आणि ही दोन?" खिडकीजवळची दोन आसनं मोकळी होती.

"ती भरलेली आहेत."

"काका, वहिनी नि मधुरा नाशिकला आहेत. सुखरूप."

"ठाऊक आहे," ते म्हणाले. 

मार्चमध्ये हल्ल्याच्या इशाऱ्याचे भोंगे वाजू लागले. पहिल्या भोंग्यानंतरच्या शुक्रवारी आम्ही सगळे गॅरेजमध्येच होतो, कारण घरी बसून प्लास्टिककडे बघण्यापेक्षा ते बरं. सकाळी धुळीचा गार वारा सुटला होता. टिपणीस गाडीत बसले होते आणि मी त्यांच्यासमोर. तेवढ्यात त्यांचा मोबाइल वाजला. पत्र्याच्या त्या डब्यात पलीकडचा आवाजही स्वच्छ ऐकू येत होता. मधुरा. पुण्यात पहिल्या वर्षाला होती.

"बाबा, तुम्ही या ना निघून."

"अगं, काळजीचं काही नाही. गाडी तयार आहे. बर्फसुद्धा आहे भरपूर."

"बर्फ? बर्फ कशाला?"

"म्हणजे काय? तू तळावर मागत नव्हतीस का? ताप होता तुला. सारखी बर्फ दे, बर्फ दे."

"मला नाही आठवत, बाबा. मी पाच वर्षांची होते. मला त्या सगळ्यातला फक्त एक उंट आठवतो."

"बरं," टिपणीस म्हणाले. "जेवलीस का?"

फोन ठेवल्यावर ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "उंट नव्हता तिथे."

पुढचं त्यांनी यंत्राची बिघाड-नोंद सांगावी तसं सांगितलं. नव्वद साली इराकी फौज शिरली आणि इथून सगळे पळाले तेव्हा हे तिघेही बसने वाळवंट ओलांडून जॉर्डनच्या सीमेवरच्या तळावर पडले. पोरगी तापाने फणफणलेली. एका टोकाला कोणाच्या तरी ट्रकवर बर्फ आहे असं कळलं, म्हणून हे गेले. गर्दीत शिरून एक खडा मिळवला. ठेवायला काही नव्हतं, म्हणून रुमालात बांधला आणि पळत सुटले.

"तंबूशी आलो तेव्हा रुमाल ओला होता. तोच पिळला तिच्या तोंडात." चष्मा कपाळावरून खाली ओढत ते म्हणाले, "रुमाल हे चुकीचं साधन. सुनंदा तेव्हा काही बोलली नाही. नंतर एवढंच म्हणाली, तुम्हाला जायचं तर जा, आम्ही परत त्या देशात येणार नाही. बरोबरच आहे तिचं."

पत्रकात अशा जागी उद्गारचिन्ह घालतात.

ते उठले, फ्रीज उघडला आणि घमेलं माझ्या हातात दिलं. "वाटून टाक पोरांना."

माझी मागणी मान्य झाली ती अशी: मार्चमध्ये, गार वाऱ्यात, स्वेटर घातलेल्या चार माणसांपुढे. मी घमेलं नेऊन ठेवलं. सत्तार बर्फाकडे बघून मग माझ्याकडे बघायला लागला. "आता? तुझं डोकं ठिकाणावर हाय ना?"

"घे म्हणतो ना," मी दात आवळून म्हटलं. "बोलू नको, घे."

टिपणीस गाडीच्या पायरीवर येऊन उभे होते. पारकरभाईंनी ते पाहिलं, त्यांना सगळं आधीपासून माहीत असावं, कारण नव्वद साली तेही त्याच वाटेने जॉर्डनच्या तळावर गेले होते. त्यांनी बडीशेप थुंकली आणि बर्फाचा मोठा खडा गालात भरला. मग बाकीच्यांनी घेतला. चार वेल्डर, एक फोरमन आणि मी, सहा जण थंडीत कुडकुडत बर्फ चघळत होतो.

"कसा आहे?" टिपणीसांनी विचारलं.

"एक नंबर, साहेब," सत्तार म्हणाला. दात वाजत होते त्याचे. मग काय मनात आलं कोण जाणे, त्याने खिशातून रुमाल काढला आणि त्यात दोन-चार खडे ठेवले. "पलीकडच्या गॅरेजात आमचा भाऊ हाय. त्याला पन देतो."

"रुमालात नको!" टिपणीस इतक्या जोरात ओरडले की भोंगा वाजला असं वाटून एकजण खाली बसला. ते आत गेले आणि रुंद तोंडाचा एक थर्मास घेऊन आले. नवा कोरा, किमतीची चिठ्ठी अजून चिकटलेली. स्वतःच्या हाताने त्यांनी तो भरला, झाकण घट्ट फिरवलं, उलटा करून पाहिला आणि सत्तारला दिला.

सत्तार थर्मास छातीशी धरून पळत सुटला. टिपणीस पायरी उतरून शेडच्या दारापर्यंत त्याच्या मागे गेले.

"पळू नकोस रे," ते म्हणाले. "सावकाश जा. पोचतो बर्फ."