पायावरची धूळ

एकोणीसशे एकोणऐंशी साली चित्रकाराच्या बायकोने नको तिथली धूळ पुसली.

नवरा कोळशाच्या कांडीने चित्रं काढायचा. ती इतकी हुबेहूब, की लोक फोटो समजून कागद उलटून बघायचे. तीन महिने तो नृत्यवर्गाच्या बाईंचं चित्र काढत होता, त्यांच्या चाळिशीतल्या एका फोटोवरून. आता बाई सत्तरीच्या होत्या आणि चित्र वर्गाच्या नव्या सभागृहात लागायचं होतं.

बायको मात्र धास्तावली होती. लग्नाआधी सात वर्षं ती याच बाईंकडे शिकली आणि एक दिवस न सांगता वर्ग सोडून संसाराला लागली. एकोणीस वर्षं तिने बाईंना तोंड दाखवलं नव्हतं. समोरून बाई आल्या की ती गल्ली बदलायची.

बाई चित्र बघायला येणार त्याच्या आदल्या सकाळी ती खोली आवरायला गेली. चित्रात खोट काढायला जागा नव्हती; फक्त उजव्या पावलावर थोडी धूळ बसलेली. धूळ दिसली की तिच्या जिवाला चैन पडत नसे. तिने पदराच्या टोकाने हलकेच पुसलं. धूळ गेली. तिच्याबरोबर अंगठा, टाच आणि चाळीसेक घुंगरूही गेले.

ती धूळ रंगमंचावरची होती. नवऱ्याने चार दिवस खपून काढलेली. कोळसा कागदावर पक्का बसावा म्हणून चित्र संपलं की फवारा मारतात; पण याचं चित्र कधी संपतच नसे, एखादा केस काढायचा राहिलेलाच असे.

नवरा मटकन स्टुलावर बसायला गेला, ते स्टूल दोन हात पलीकडे होतं.

फोटो बाईंना परत गेला होता आणि मागायचा तर कबुली द्यावी लागणार. नणंद मदतीला आली. तिचं म्हणणं, खालचा कागद कापून टाकावा. नवरा म्हणाला, नाचणाऱ्या बाईला पाय नकोत, तर मग डोकं तरी कशाला ठेवायचं?

मग त्याची नजर बायकोच्या पावलांवर गेली.

"तुझे घुंगरू कुठेत?"

"अहो, काहीतरीच काय."

माळ्यावरच्या डब्यातून घुंगरू निघाले. ती झटकायला गेली, तसा तो म्हणाला, "हात लावू नकोस. ती धूळ हवी आहे."

दुपारच्या जेवणापासून दिवे लागेपर्यंत ती एका पायावर भार देऊन उभी राहिली. नणंद पोटरी चोळत होती. पुसट भाग खोडून त्याने शिरेन् शीर पुन्हा उतरवली आणि त्या दिवशी फवारा लगेच मारला.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या. बायको स्वयंपाकघरात दाराआड. बाईंनी चष्मा लावून कपाळापासून बघायला सुरुवात केली आणि पावलाशी येऊन थांबल्या.

"हा पाय माझा नाही."

नवऱ्याने स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं.

"हा अंगठा आत वळतो. त्याच्यापायी मी सात वर्षं घसा फोडलाय. कुठंय ती?"

बायको मान खाली घालून बाहेर आली. "बाई, चुकलं माझं. धूळ समजून पुसलं."

"ते राहू दे. न सांगता गेलीस, ते?"

बाई तिच्या पावलांकडे बघत राहिल्या.

"अजून तसाच आहे," त्या म्हणाल्या. मग नवऱ्याकडे वळल्या. "चित्र असंच राहू दे. माझे गुडघे गेलेत, निदान पाय तरी धडधाकट दिसेल. आणि तू, मंगळवारी साडेचारला ये. उशीर नको, आधीच एकोणीस वर्षं झालाय."

दार लागल्यावर नवरा त्याच स्टुलावर बसला. या वेळी ते जागेवर होतं.

बाई पुढे अकरा वर्षं शिकवत राहिल्या. बायकोने एकही मंगळवार चुकवला नाही. अंगठा मात्र शेवटपर्यंत सरळ झाला नाही तो नाहीच. नवरा आधी फवारा मारून मगच सही करू लागला. पायाची कल्पना आपलीच, असं नणंद अजून सांगते.

चित्र सभागृहात आहे. झाडलोट करणारी बाई दर आठवड्याला त्या पायावरची धूळ जोर लावून पुसते. ती जात कशी नाही, हे तिला कळत नाही. वर काच आहे, असं कोणी तिला सांगितलेलं नाही.