दार उघडेपर्यंत

माझ्या पाठवणीच्या वेळी सगळे रडत होते आणि भोईरसर आमच्या फुलांनी सजवलेल्या गाडीचं दार उघडून-लावून बघत होते. मी आत बसलेली, ओटी सांभाळत. आई एका खिडकीशी डोळे पुसतेय आणि दुसऱ्या बाजूला खटक-खटक चाललेली. चार-पाचदा झाल्यावर त्यांनी वाकून माझ्या नवऱ्याला सांगितलं, की हँडल ढिलं हाय, बाईंना आतून जोर लावू देऊ नका, तुम्ही बाहेरून उघडा. सासूबाईंना वाटलं, ही आमच्याकडची काहीतरी रीत असावी.

भोईरसर कशेळीच्या एका लहानशा कारखान्यात डिझाइनचे प्रमुख होते आणि मी त्यांच्या हाताखाली कॉम्प्युटरवर ड्रॉइंग करायची. आम्ही गाड्यांच्या दारांची हँडलं बनवायचो. रिमोटची कुलपं तेव्हा नवी होती. लोक गाडी घेतली की आधी शेजाऱ्यांना बोलावून बटण दाबून दाखवायचे.

हा माणूस खुर्चीत बसलेला मी फारसा पाहिला नाही. चहा उभ्याने, डबा खिडकीशी, मीटिंग दारात. खिशात एक सुटं हँडल कायम असायचं आणि बोटं त्याच्याशी चाळा करायची. माझ्या पाठीमागून एक वाक्य सुरू करायचे, ते अर्धवट टाकून टूलरूममध्ये जायचे आणि परत येऊन उरलेलं अर्धं माझ्या डाव्या कानात पूर्ण करायचे. मधल्या वेळात मी काय काढलं असेल ते मग खोडायचं.

त्यांचा एकच प्रश्न असे : ‘आनि मंग?’ ड्रॉइंग झालं म्हटलं, की आनि मंग? मुलगा बँकेत आहे, घरचं चांगलं आहे, असं मी माझ्या स्थळाबद्दल सांगितलं, तेव्हाही त्यांनी तेच विचारलं होतं.

रस्त्याने जाताना उभ्या गाडीचं हँडल ओढून बघायची त्यांना खोड होती. निजामपुऱ्यात एकदा एका कापडवाल्या शेटने त्यांना स्वतःच्या नव्या गाडीशी पकडलं. माणसं जमली, चोर चोर झालं. सरांनी खिशातलं हँडल काढून दाखवलं, तर लोकांची खात्रीच पटली, की हा कुठल्या तरी गाडीचं आधीच काढून आलाय. शेवटी शेटला म्हणाले, “देखो, आपका पिछला दरवाजा बराबर लगता नहीं.” शेटने लावून पाहिलं. खरंच लागत नव्हतं. मग दुकानात नेऊन चहा दिला. सर तोही उभ्यानेच प्यायले असणार.

माझ्या लग्नानंतर पुण्याच्या एका मोठ्या गिऱ्हाइकाचं काम आलं. त्यांना छोट्या गाडीसाठी छोटं हँडल हवं होतं. साबणाच्या डबीएवढ्या जागेत ओढायचा दांडा, रिमोटवाल्या कुलपाचं बटण, त्याची वायर आणि चावीचं कुलूप, असं सगळं बसवायचं. एक बसवलं की दुसरं बाहेर यायचं. सरांनी किती नमुने नापास केले, त्याला गणती नव्हती. गिऱ्हाइकाचे साहेब म्हणाले, चावीचं भोकच काढून टाका, आता सगळं बटणावर चालतं. आमचे मालक लगेच हो म्हणाले. सर खिडकीशी उभे होते.

“बॅटरी बसली,” ते म्हणाले. “आनि मंग?”

साहेब म्हणाले, फोन करायचा, माणूस येतो.

“मानूस वज्रेश्वरीच्या पुढं अडकलाय. फोनला रेंज न्हाय. आनि मंग?”

साहेब हसले, मालक हसले नाहीत. सरांनी एक आठवडा मागून घेतला. त्या आठवड्यात मला वेड लागायचं बाकी होतं. शेवटी कुलूप आडवं करून त्याचं तोंड दांड्याच्या खालच्या अंगाला नेलं आणि सगळं बसलं. बाहेरून भोक दिसतसुद्धा नव्हतं. गिऱ्हाइकाने पसंत केलं. मालकांनी पेढे मागवले, पण ते येईपर्यंत सर निघून गेले होते. म्हणून रविवारी मी आणि माझा नवरा पेढ्यांचा पुडा घेऊन त्यांच्या गावी गेलो.

अंगण एकच, घरं दोन आणि मधे कमरेइतकी भिंत. पलीकडचं घर दुमजली, पुढे पांढरी मोठी गाडी. सर आत कुठेतरी खुडबुडत होते. चहा टाकता टाकता सरांच्या बायकोने, वहिनींनी, हळू आवाजात सांगितलं, की पलीकडे धाकटे दीर, काशिनाथ. त्यांनी शेतावर गोदामं बांधली आणि दादाने, म्हणजे सरांनी, नोकरी सोडून ती सांभाळावी म्हणून मागे लागले. हे न्हाय म्हणाले. तेव्हा काशिनाथ रागात बोलून गेले, की लोकांची दारं बनवतोस, तर तिकडंच राहा, या घराशी तुझा काय संबंध. त्यानंतर भिंत झाली आणि दोघं भाऊ एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते. “बसल्या जागी चैन पडत न्हाय त्यांना,” वहिनी म्हणाल्या. “घरात असले की जास्तच.”

चहा गाळत असतानाच दारात काशिनाथ येऊन उभा राहिला. कडक इस्त्रीचा सफारी, घामाने भिजलेला. मागे भिंतीपलीकडे त्याची बायको-मुलं नटून गाडीभोवती उभी होती. एका लग्नाला निघाले होते.

“दादा,” तो खाली बघत म्हणाला, “दार उघडत न्हाय.”

वहिनींच्या हातातली गाळणी तशीच राहिली. सर आतून आले आणि चपला घालून निघाले. मीही मागे गेले.

मी पाहिलं. रिमोटची बॅटरी बसली होती, चावी अर्ध्यात अडकत होती. गाडी दुसऱ्या कंपनीची, पण हे दुखणं आमच्या रोजच्या पाहण्यातलं. हँडल जरा उचलून धरायचं आणि चावी फिरवायची, बस. सरांनी ते तसं उचललं, चावी हलली, मला कट्कन आवाजसुद्धा आला. आणि सरांनी चावी उलटी फिरवून हँडल पुन्हा खाली सोडलं.

मी तोंड उघडलं. सर वळले. “मॅडम, चा निवतोय तुमचा.”

मग त्यांनी स्क्रूड्रायव्हर मागवला. काशिनाथ स्वतः धावत गेला. मग तेल मागवलं. काशिनाथ डबी घेऊन शेजारी उकिडवा बसला. सर जमिनीवर मांडी घालून बसले. गुडघा कसा हाय, असं काशिनाथने विचारलं. तुझी शुगर काय म्हनते, असं सरांनी विचारलं. मग आईच्या हातच्या कोलंबीवरून काहीतरी निघालं आणि दोघंही हसले. काशिनाथची बायको भिंतीला वळसा घालून वहिनींच्या पायरीवर येऊन बसली, नव्या साडीची पर्वा न करता.

आम्ही निघालो तेव्हाही दार बंदच होतं. लग्नाचा मुहूर्त कधीच टळून गेला असणार, पण काशिनाथने घड्याळाकडे पाहिल्याचं मला आठवत नाही.