मरणाच्या रांगेतले तुकाआबा

आमच्या कुरवंड्यात तुकाआबा दरसाल मरायचे. म्हणजे मरतो म्हणून जाहीर करायचे. सुगी आटोपली, दाणे कणगीत पडले, की ओट्यावर घोंगडं पसरून निजायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "औंदा मी जातो. काय ऱ्हात न्हाई."

पहिल्या वर्षी कोंडामावशी, म्हणजे त्यांची बायको, ऊर बडवून रडली. पुढे तिला सवय झाली. "आदी जेवा, मंग मरा," म्हणून ती ताट सरकवायची. आबा भाकऱ्या हाणायचे आणि पुन्हा मरायला निजायचे.

एकदा त्यांना लोणावळ्याला दाखवलं. साहेबी टोपी घातलेला डॉक्टर बिचारा म्हणाला, "तुम्हाला काहीएक झालेलं नाही." हा अपमान आबा कधी विसरले नाहीत. "शिकलाय म्हनं! मानसाला मरू बी देत न्हाई!"

तुम्ही म्हणाल, एवढी घाई कसली? अहो, त्यामागे हिशेब होता. आबा, रामा, शिरपा, हुसेन आणि गणपा ही पाच कार्टी लहानपणी डोंगरावर गुरं राखायची. गुरं लोकांच्या शेतात आणि हे करवंदीच्या जाळीत! तिथं त्यांनी बहिरोबाची आण घेऊन ठरवलं, की जो मरेल त्याला बाकीच्यांनी खांदा द्यायचा. हुसेननेही बहिरोबाचीच आण घेतली, कारण दुसरी कुणाला ठाऊक नव्हती. पुढे आबांच्या टाळक्यात उजेड पडला. पहिल्याची चैन आहे, पण शेवटच्याला कोण उचलणार? तेव्हापासून त्यांना पहिला नंबर हवा होता.

नशीबच खोटं! पहिली जर्मन लढाई संपता संपता तापाची साथ आली, तीत रामा गेला. आबा तिरडीपाशी ओरडले, "मधीच घुसलास व्हय रं, मुडद्या!" मग शिरपा गेला. मग रेल्वेत खलाशी असलेला हुसेन गेला. आबांनी त्याच्या जनाज्याला खांदा दिला, तोही कुरकुरत.

गणपा आजारी पडला तेव्हा आबा घोंगडं घेऊन त्याच्याच घरी मुक्कामाला गेले. स्वतः धडधाकट, पण कण्हायचे गणपापेक्षा मोठ्यानं. "माज्याआदी गेलास तर तंगडी मोडीन," असा दम देत त्याला पेज भरवायचे.

गणपाही गेला.

त्या दिवशी आबा ओरडले नाहीत. तिरडी उचलली तशी पोरांना बाजूला सारून त्यांनी पुढचा कोपरा धरला. बुटके असल्यामुळे तिरडी त्यांच्या बाजूला कलली.

"सोडा आबा, दमाल."

"गप. ह्यो रामाचा खांदा."

थोडं चालले आणि दुसऱ्या बाजूला गेले. "ह्यो शिरपाचा." कुणीतरी फिसकन हसलं. खोटं कशाला सांगू, मलाही हसू आलं. विसाव्यावर तिरडी टेकवून पुन्हा उचलली, तेव्हा आबा मागे आले. "ह्यो हुसेनचा." आता कुणी हसेना. मग त्यांनी चौथा कोपरा धरला. तो त्यांचा स्वतःचा होता. ओढ्याकाठचं मसण येईपर्यंत त्यांनी तो सोडला नाही.

परतताना मी आबांना गाठलं. म्हटलं, "आबा, तुमच्या वेळी आम्ही आहोत की सगळे."

"व्हय रं, हाय तुमी," त्यांनी धोतराच्या सोग्यानं नाक पुसलं. "पर तुमी मला आबा म्हनून, हात जोडून न्हेनार. त्येंनी शिव्या देत न्हेलं आसतं."