सहाव्या खोलीतली खुर्ची

इस्रायलमधल्या लोद गावी तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीतून सामाजी वाकरुळकरांची खुर्ची नाहीशी झाली, त्याला पाच आठवडे झाले होते. भारतातून आल्यावर विमानतळाजवळच्या कारखान्यात फिटर असताना त्यांनी ती पेट्यांच्या फळ्यांतून स्वतः बनवली होती. मागचा डावा पाय तडकला तेव्हा तांब्याची तार गुंडाळून पुन्हा उभी केली होती आणि निवृत्तीनंतरची नऊ वर्षं तिच्यात बसून काढली होती. खुर्ची गेल्यावर त्यांनी आधी शेजारच्या येहुदाला विचारलं, मग भंगारवाल्याला, मग बायकोला. तिघांपैकी एकाचंही उत्तर त्यांना पटलं नाही.

"मी कशाला विकू तुमची खुर्ची?" एस्थर म्हणाली होती. "घेणार कोण ती?"

खुर्ची जाण्यापेक्षा हे त्यांना जास्त लागलं.

पण त्या मंगळवारी खुर्चीचा विषय काढायचा नाही, असं ठरलं होतं. बस यरुशलेमला चालली होती, नातीचं काम बघायला. ओरीत तिथे कला शिकत होती. एका जुन्या छापखान्याच्या इमारतीत तिच्या वर्गाचं प्रदर्शन लागलं होतं : सहा खोल्या, सहा विद्यार्थी. भिंतीवर चित्रं नाहीत. माणसानं आत शिरायचं, वस्तूंना हात लावायचा, मग खोली काहीतरी करणार. सहावी खोली ओरीतची. आज चार वाजता निवड समितीच्या बाई येणार होत्या. त्यांना जी खोली आवडेल ती सगळा उन्हाळा राहणार होती. बाकीच्या पाच रविवारी मोडायच्या होत्या.

आणि ओरीत आजोबांशी पेसाहच्या सणापासून बोलत नव्हती. पेसाहच्या जेवणाला सामाजी कलेविषयी काहीतरी म्हणाले होते. नक्की काय, ते त्यांना आठवत नव्हतं. टेबलावरच्या बाकी चौदा जणांना आठवत होतं.

"ऐका," एस्थर म्हणाली. "आज कशाला हात लावायचा नाय. काय रिपेर करायचं नाय. आणि तोंड उघडायचं नाय."

"आणि पोरीनं विचारलं, सबा, कसं वाटलं, तर?" नात आजोबांना हिब्रूत सबा म्हणत असे.

"फर्स्ट क्लास म्हणायचं."

"बघायच्या आधीच?"

"आधीच म्हणा. बघितल्यावर तुमचा काय भरवसा?"

तिच्या मांडीवर स्टीलचा डबा होता. पहाटे उठून तिने मलिदा केला होता : भिजवलेले पोहे, नारळ, साखर, वेलची, वर खजूर. ओरीतचं काम होऊ दे म्हणून एलियाहू हन्नाबी पैगंबराला नवस बोलली होती, आणि काम व्हायच्या आधीच तो फेडून मोकळी झाली होती. तिचा पैगंबरावर भरवसा होता.

*

बाहेर पडायच्या दारापाशी एका टेबलावर वही ठेवली होती. प्रत्येक पानाच्या माथ्यावर छापलेलं : यायचं सार्थक झालं का? त्या दिवशी दोन वाजेपर्यंतच्या नोंदी :

"खोली १, जमीन किंचाळते. खोली ३, भिंत ओली आहे. मुलांना आवडलं. आम्हाला भूक लागली."

"खोली ६ : बसलो. कोणी म्हातारा परक्या भाषेत ओरडला. उठलो."

"तिकिटात कॉफी धरली असती तर हो."

*

जिने पाहून एस्थरच्या गुडघ्यांनी खालीच नकार दिला. ती तळमजल्यावरच्या बाकावर बसली, डबा नवऱ्याच्या हातात दिला आणि म्हणाली, "ओरीतला द्या. आणि मी काय सांगितलं?"

"हात नाय, रिपेर नाय, तोंड नाय."

सामाजी निघाले. एक हात पाठीशी, दुसऱ्यात डबा. पहिल्या खोलीत जमीन किंचाळली. एक फळी सैल आहे हे त्यांनी पायानेच ओळखलं, पण खाली वाकले नाहीत. दुसऱ्या खोलीत अंगावर वारा आला. तिसऱ्या खोलीत भिंतीला हात लावा अशी पाटी होती. त्यांनी लावला नाही. भिंत ओली म्हणजे मागे पाइप गळतोय, एवढं न लावताच कळत होतं. चौथ्या आणि पाचव्या खोलीत त्यांनी कशालाच हात न लावल्यामुळे काहीच झालं नाही. मन शांत झालं आणि ते सहाव्या खोलीच्या पडद्याशी पोचले.

पडद्याबाहेर ओरीतची मैत्रीण लिराझ स्टुलावर बसली होती. हातात माणसं मोजायचं छोटं यंत्र, दर माणसाला टिक्.

"ओरीत?" सामाजींनी विचारलं.

"आत्ताच मागच्या जिन्याने खाली दारात गेली. बाईंची वाट बघतेय. आत जा ना, आत सगळं कळेल."

टिक्.

आत अंधार होता. मधोमध वीतभर उंचीचा चौथरा. त्यावर एक खुर्ची, वरपासून खालपर्यंत पांढऱ्या शुभ्र कापडानं झाकलेली. शेजारी पितळेचं ताट. वरून एक मंद दिवा. बाकी काही नाही.

ही खुर्ची ते ओळखत होते. सुंतेच्या दिवशी बाळाला आणायच्या आधी जी मांडतात, जिच्यावर कोणी बसत नाही, ती. एलियाहू हन्नाबीची खुर्ची. पोरीनं यरुशलेमच्या मधोमध, गोऱ्या लोकांच्या प्रदर्शनात, आपल्या घरातली खुर्ची मांडली होती! ताटसुद्धा आठवणीनं ठेवलं होतं. फक्त रिकामं होतं. पोरगी इथेच जन्मलेली, तेवढं राहायचंच.

त्यांनी डबा उघडला आणि ताटात मलिदा काढून वर खजूर मांडले. हे काही हात लावणं नव्हे.

तेवढ्यात पडदा हलला आणि एक दणकट माणूस कमरेवर हात ठेवून आत आला. प्रदर्शनाचं पत्रक वाचलं होतं त्याने. सरळ खुर्चीकडे निघाला.

"रेगा!" सामाजी म्हणाले. थांब. कारखान्यात तीस वर्षं वापरलेलं हिब्रू, त्यात विनंतीचे शब्द फारसे नव्हते. "बसायचं नाही."

"पत्रकात लिहिलंय बसा."

"पत्रक मी नाही लिहिलं."

"बाबा, मी किर्यात मलाखीहून आलोय. दोन बस बदलून. माझी पाठ गेलीय."

"तुझ्यापेक्षा लांबून कोणी यायचाय."

"कुठून?"

सामाजींनी वर बोट केलं. माणसाने वर पाहिलं. तिथे दिवा होता. त्याने पुन्हा सामाजींकडे पाहिलं : पांढरा इस्तरीचा शर्ट, डोक्यावर किप्पा, हात पाठीशी. हा प्रदर्शनातलाच माणूस दिसतो, असं त्याला वाटलं असावं.

"मग मी काय करायचं?"

"उभं राहायचं. हे घे."

माणसाने खजूर घेतला आणि उभा राहिला.

मग एक जोडपं आलं. मग तीन म्हाताऱ्या. मग एक शिक्षिका, तिच्यामागे आणखी दोघी. प्रत्येक जण खुर्चीकडे निघे आणि आता त्यांना किर्यात मलाखीवालाच अडवी. "बसायचं नाही," तो सांगे, जणू खुर्ची त्याने घरून आणली होती. सामाजी मुठीमुठीने मलिदा वाटत. नाही म्हणायची सोय नव्हती. मलिदा नाकारत नाहीत, एवढं ते प्रत्येकाला सांगत. पुढे काय होणार ते कोणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळे पहिला निघून जायला कोणी तयार नव्हतं. एका म्हातारीने कापडाच्या टोकाला बोटं लावून ती ओठांना लावली. मग दुसरीने. शिक्षिका खुर्चीपाशी वाकून हळूच काहीतरी पुटपुटली, आणि बाकीच्यांनी शहाण्या माणसांसारखं दुसरीकडे पाहिलं.

बाहेर लिराझ घाबरली होती. आठवडाभर माणसं आत जाऊन दोन मिनिटांत बाहेर पडत होती. आज टिक्-टिक् चालू होतं आणि बाहेर कोणीच येत नव्हतं. तिने रांग थांबवली. रांग जिन्यावर गेली. जिन्यावरची रांग दारातून दिसली, आणि रस्त्याने जाणारी माणसं आत येऊन विचारू लागली, काय मिळतंय?

*

"पाच वाजले. इतका वेळ उभा राहिलो, पाठ दुखायची थांबली. कारण माहीत नाही. सार्थक : हो."

"खाद्यपदार्थ उत्तम. कृती मिळेल का?"

"पंधरा वर्षांत कोणाशेजारी इतका वेळ गप्प उभी राहिले नव्हते. नवरा सोबत होता."

*

चार वाजता समितीच्या त्सिपोराबाई आल्या. बारीक चष्मा, हातात फळी, फळीवर कागद. रांग पाहून त्या थबकल्या. या इमारतीत त्यांनी रांग कधी पाहिली नव्हती. ओरीतला आत यायची परवानगी नव्हती, नियमच होता. ती पडद्याबाहेर लिराझचा हात आवळून उभी राहिली.

बाई सरळ खुर्चीकडे निघाल्या.

किर्यात मलाखीवाला पुढे झाला, पण सामाजींनी त्याला हाताने मागे सारलं. ही बाई अधिकारी होती. कपड्यांवरून कळत होतं. अधिकाऱ्याशी वरिष्ठाने बोलायचं असतं.

"बाई, जागा रिकामी नाही."

बाईंनी खुर्चीकडे पाहिलं. "कोणासाठी आहे?"

"जो यायचाय त्याच्यासाठी."

"आणि तो कधी येणार?"

"ते त्याने कळवलं नाही."

"मग तुम्ही इथे काय करता?"

सामाजींनी प्रामाणिकपणे विचार केला. "मी नातीची वाट बघतोय," ते म्हणाले. "ती बोलत नाही माझ्याशी."

बाईंनी कागदावर काही लिहिलं नाही. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला नाही. सामाजींनी त्यांच्या तळहातावर मलिदा ठेवला. त्या वीस मिनिटं उभ्या होत्या.

*

बाई गेल्यावर ओरीत पडदा सारून आत शिरली. मागून लिराझने उरलेली गर्दी बाहेर काढली. किर्यात मलाखीवाला सर्वांत शेवटी गेला, सामाजींचा हात दोन्ही हातांत घेऊन.

"सबा!" ओरीत हिब्रूत म्हणाली. पेसाहनंतरचा पहिला शब्द. "कोणीच बसलं नाही? एकही जण नाही?"

"मी बसू दिलं असतं होय?" सामाजी अभिमानाने मराठीत म्हणाले. "फर्स्ट क्लास केलंयस. फर्स्ट क्लास."

ओरीतने कपाळाला हात लावला, मग एका झटक्यात कापड ओढलं.

खाली पेट्यांच्या फळ्यांची खुर्ची होती. मागच्या डाव्या पायाला तांब्याची तार.

सामाजींनी तार जवळून पाहिली. तीन वेढे, शेवटी आत वळवलेलं टोक. हे टोक जगात दुसरं कोणी असं वळवत नव्हतं.

"ही... येहुदानं..."

"सवतानं दिली, आजीनं. तिला सांगितलं होतं मी, तुला कळू द्यायचं नाही."

विकली नाही, असं एस्थर म्हणाली होती. खोटं बोलली नव्हती.

"आणि आता ऐक," ओरीत म्हणाली आणि खुर्चीत बसली.

कुठेतरी खट् झालं. भिंतीवर हिब्रू भाषांतर उजळलं आणि चारी कोपऱ्यांतून सामाजींचाच आवाज आला, मागे ताटल्यांचा खणखणाट आणि एस्थरचं "अहो, जेवा आता" : "ही कसली कला गो? हे बघायला कोण येणार? ह्यापेक्षा माझी खुर्ची बरी! निदान बसता तरी येतं!" आणि टेबलाभरचं हसणं.

मग दिवा गेला. मग आला.

"मी असं बोललो?"

"सगळ्यांसमोर. दाविद मामा टेप करत होता."

सामाजी गुडघ्यांवर बसले. बैठकीखाली वाकून त्यांनी पाहिलं : एक स्प्रिंग, एक बटन, दोन वायरी, त्या मागच्या पायामधून नीट खाली उतरवलेल्या.

"वायरींना सोल्डरचा डाग कोणी दिला हा?"

"मीच."

"हं." ते गुडघ्यांवरून उठेनात. "चांगला दिलायस. कारखान्यात नव्या पोरांना वर्ष लागायचं एवढा यायला."

ओरीत खुर्चीत बसलेली होती आणि तिचं नाक लाल झालं होतं. "पण बाईंनी तर काहीच ऐकलं नाही, सबा," ती म्हणाली, आणि हे वाक्य मराठीत होतं. "पाच आठवड्याचा काम."

तेवढ्यात लिराझ धावत आली. तिच्या हातात बाईंच्या फळीवरचा कागद होता.

*

समितीच्या कागदावर असं होतं : "खोली ६ निवडली. संपूर्ण उन्हाळा. पत्रकात उल्लेखलेला आवाज मला ऐकू आला नाही, तो वगळावा. खुर्चीवर कोणालाही बसू देऊ नये. राखणदार आवश्यक. तोच."

*

जुलै लागला. रविवार ते गुरुवार सामाजी सकाळची बस पकडतात, पांढरा शर्ट घालून चौथऱ्याशेजारी उभे राहतात आणि खुर्ची घरी कधी येणार असं कोणी विचारलं तर सांगतात, ती आता सरकारी झाली. एस्थर रोज डबा देते. किर्यात मलाखीवाला दोनदा येऊन गेला, एकदा बायकोला घेऊन. ओरीत संध्याकाळी येते आणि लोदपर्यंत बसमध्ये त्यांच्याशेजारी बसते. तो दीड तास दोघंही बोलत असतात, एक मराठीत, एक हिब्रूत.

दुपारी एक ते दोन पडदा बंद असतो. पहिल्याच दिवशी, कोणी नाही असं पाहून, सामाजी खुर्चीत बसले. खट् झालं. "ही कसली कला गो?" चारी कोपरे ओरडले. ते उठले. टेप वगळायची म्हणजे पाहुण्यांपुरती, ओरीतने जोडणी तशीच ठेवली होती. दोन वायरी सोडवायच्या, अर्ध्या मिनिटाचं काम. पण हात नाय, रिपेर नाय, असं एस्थरने सांगितलेलं अजून तिने मागे घेतलं नव्हतं.

वहीत, जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, वाकड्या हिब्रूत एक नोंद आहे :

"सार्थक आहे. जरूर यावे. फक्त बसायला जागा नाही. — सा. वाकरुळकर, लोद."