गाळातली हरिणी आणि दोन चित्रकार

एका जंगलात, बालमित्रांनो, सिंहमहाराजांच्या गुहेची एक भिंत कोरी होती. ती महाराजांना खटकायची. त्यांनी दवंडी पिटवली, की या भिंतीसाठी दुःखाचं चित्र हवं. ज्याचं चित्र पाहून सगळ्यांत जास्त रडू येईल, तो राजचित्रकार. महाराजांना स्वतःला दुःख कधी झालं नव्हतं, त्यामुळे त्यांना त्याची हौस होती.

जंगलात चित्रकार दोनच. पहिले बगळेबुवा. ते पडक्या देवळातल्या दगडी मूर्ती गिरवून शिकले होते. दगडाला घाम येत नाही की खाज सुटत नाही, म्हणून जिवंत प्राणी म्हणजे मूर्तीची बिघडलेली नक्कल, असं त्यांचं मत. त्यांच्या चित्रात उंदीरसुद्धा छाती काढून उभा असे. या पंथाला नवअभिजात म्हणत.

दुसरे अस्वलराव. त्यांना रेषेचा राग आणि वादळाचा लळा. सकाळी उठून ते मुद्दाम केस विस्कटत आणि जेवणाआधी थोडं रडून घेत. त्यांच्या चित्रात विजेशिवाय काही धड दिसत नसे. हे स्वच्छंदतावादी. नावं लांबलचक आहेत, पण पाठ करू नका. त्या पंथांतल्यांनाही ती नीट लिहिता येत नसत.

त्याच आठवड्यात रेवा नावाची हरिणी पाडसाला झुडपांच्या जाळीत ठेवून तळ्यावर गेली आणि गाळात रुतली. गुडघे बुडाले तशी ती ओरडू लागली. ओरड ऐकून दोन्ही चित्रकार धावत आले. रेवाला धीर आला. त्या बिचारीला वाटलं, आपल्यासाठीच आले.

बगळेबुवांनी एक डोळा मिटून तिचं माप घेतलं. मान फार वाकडी आहे, म्हणाले. देवळातल्या यक्षिणीसारखा उजवा पाय वर हवा आणि चेहरा शांत. अस्वलराव म्हणाले, शांत कसला, आक्रोश हवा. पण आत्ता नको. पश्चिमेला ढग जमताहेत, वळीव येईल, वीज चमकेल, तेव्हा करावा.

"अहो, आधी बाहेर काढा. मग सांगाल तशी उभी राहीन," रेवा म्हणाली. "पाडस उपाशी आहे माझं."

"बाहेर काढल्यावर दुःख कुठलं राहणार, बाई?" बगळेबुवा म्हणाले.

अस्वलरावांनी मान डोलावली. दोन्ही पंथांचं एकमत झालेला हा पहिलाच मुद्दा.

तोवर काठावर गर्दी जमली. अर्धे बगळेबुवांच्या रेषेच्या बाजूचे, अर्धे अस्वलरावांच्या रंगाच्या. गाळ रेवाच्या पोटाला लागला तेव्हा माकडं धावून गेली, पण एकमेकांच्या अंगावर. मला या गर्दीचा त्या दोघांपेक्षा जास्त संताप येतो. ते दोघं निदान काम करत होते.

तेवढ्यात भिकाजी गवा पाणी प्यायला आला. त्याला चित्रकलेतलं ओ की ठो कळत नव्हतं. त्यानं काठावरचं एक वाळकं खोड शिंगांनी ढकलत रेवापर्यंत नेलं. रेवा त्यावर पुढचे पाय टाकून धडपडत वर चढली आणि खोडावरून चालत काठावर आली.

टाळी एकही वाजली नाही. अस्वलराव तर खरंखुरं रडले. "जरा थांबला असतास तर काय बिघडलं असतं?" ते म्हणाले. "वीज येतच होती."

चित्रं दोघांनी आठवणीतून पुरी केली. दोन्हींत रेवा मेली. बगळेबुवांच्या चित्रात तिच्या अंगावर चिखलाचा ठिपका नव्हता. अस्वलरावांच्या चित्रात जांभळं आभाळ होतं आणि खाली एक कान. महाराजांना निवड करवेना, म्हणून राजचित्रकार दोघंही झाले. भिकाजीला कलेत ढवळाढवळ केल्याबद्दल तळ्यावर यायची कायमची बंदी झाली.

सारं जंगल रांगेनं येऊन चित्रांपुढे रडून गेलं. एके दिवशी रेवाही पाडसाला घेऊन आली. तिनं पहारेकरी माकडाला सांगितलं, की ही मीच, आणि मी जिवंत आहे.

"बाई, बाजूला व्हा," माकड डोळे पुसत म्हणालं. "तुमच्यामुळे मागच्यांना दुःख दिसत नाहीये."

त्याच दिवशी महाराजांच्या लक्षात आलं, की समोरची भिंतही कोरीच आहे. दोन्ही राजचित्रकार तळ्याकाठी जाऊन बसले. उन्हाळा अजून बराच बाकी होता, आणि जंगलाला पाणी प्यायला तळं एकच होतं.

तात्पर्य : गाळात रुतलेल्यानं वाचण्याचा हट्ट धरू नये. रसिकांचा हिरमोड होतो.